कोपऱ्यात आकडा नसलेलं कार्ड

आमच्या नव्या ग्रंथपालाला चहाचा कप ठेवायला जगात दुसरी जागा नाही. तो माझ्याच डोक्यावर ठेवतो आणि ओला गोल उमटला की माझ्याच पोटातलं कार्ड काढून त्याने तो पुसतो. मित्रांनो, मी वाचनालयातलं कार्डांचं कपाट. साठ खण, साठ पितळी कड्या. मला अक्षर वाचता येत नाही, पण कोण कोणाचं, हे मला तोंडपाठ आहे.

एका पुस्तकाची माझ्याकडे तीन कार्डं. लेखकाच्या नावाचं थोरलं. पुस्तकाच्या नावाचं आणि विषयाचं दुसऱ्या खणांत नांदायला गेलेली. तिघांच्या कोपऱ्यात आकडा मात्र एकच, पुस्तकाच्या फळीचा. आणखी एक जात 'पाहा' कार्डांची. त्यांना आकडा नसतो. ती एवढंच सांगतात, "इथे नको शोधूस, त्या नावाखाली बघ." जुन्या ग्रंथपालबाईंनी ती जन्मभर हाताने लिहिली. तेव्हा माझा काय तोरा होता!

मग संगणक आला. नव्या ग्रंथपालाने आकड्याची कार्डं त्यात उतरवली आणि बिनआकड्याची रद्दीत ढकलली. "यांच्यामागे पुस्तकच नाही," म्हणाला.

"अहो साहेब, बाईंनी काय उगाच लिहिली असतील?" शिपाईमामा म्हणाले.

"मामा, तुम्ही आपलं झाडायचं बघा."

गेल्या आठवड्यात एक म्हातारी आली. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. तरुणपणी त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं, तेही टोपणनावाने. ते टोपणनाव तिला ठाऊक नव्हतं. त्यांच्या खऱ्या नावाच्या 'पाहा' कार्डावर ते होतं, पण ते कार्ड रद्दीत गेलेलं. ग्रंथपालाने खरं नाव संगणकात घातलं.

"नाही आजी. असं पुस्तकच नाही."

"बघ ना रे नीट. त्यांचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे."

"नाही म्हटलं ना."

ती कठडा धरत जिना उतरली. पुस्तक बारा पावलांवर फळीवर उभं होतं. वीस वर्षांत कोणी मागितलं नाही म्हणून मंगळवारी ते रद्दीच्या गाडीत चढलं, लगदा व्हायला. प्रत एकच होती.

उद्या ती गाडी माझ्यासाठी येणार आहे. आज त्याने पुन्हा कप ठेवला, तेव्हा खालचा खण करकरवून मी त्याला तोंडावर सांगितलं, "मला खुशाल मोडीत घाल. पण तिचा बाप बारा पावलांवर होता रे. तुला ठाऊक नव्हतं, तर 'मला ठाऊक नाही' म्हणायचं होतंस. 'नाही' म्हणालास, आणि मग खरंच नाहीसं केलंस."