निलगिरीच्या पानांचा शिक्का

“फुगे?” नोलीन म्हणाली. “मला फुगे?”

चर्चमागच्या हॉलमधल्या लांब टेबलाभोवती बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. कात्र्या एकदम जोरात चालायला लागल्या. कुणी गोंदाची बाटली उगीचच हलवली. कोरलने मात्र मान खाली घातली नाही. ती नोलीनची नणंद, आणि मान खाली घालणं तिच्या माहेरीही कुणाला जमलं नव्हतं.

“वाढदिवसाची कार्डं कर तू आता, नोल. लहान मुलांची. फुगे आहेत, केक आहे, हत्ती आहे. हत्ती बघ किती गोड आहे.”

“हत्ती मला दाखवू नकोस. मीच मागवलाय तो. माझा पानांचा शिक्का कुठे आहे?”

“माझ्याकडे.”

“तुझ्याकडे कशाला?”

उत्तर ग्लेनिसने दिलं. हॉलची किल्ली ग्लेनिसकडे असायची, त्यामुळे अवघड निरोप सांगायचं कामही हळूहळू तिच्याकडेच आलं होतं. “आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं गं. तुझ्या मर्व्हला जाऊन किती दिवस झालेत? दुखवट्याची कार्डं तू नको करूस. कोरल करील. यापुढे.”

“यापुढे?”

“यापुढे,” कोरल म्हणाली. “इतकी वर्षं सगळ्या गावाचं दुःख तू एकटीने छापलंस. आता बस की जरा.”

तिच्या आवाजात माया होती, आणि तीच नोलीनला लागली. कुचकेपणा असता तर तिने तिथल्या तिथे परत केला असता. मायेला काय परत करणार? तिने खुर्ची ओढली आणि लाल शाईची उशी उघडून फुगे छापायला सुरुवात केली.

तारंबी गावात दुखवट्याचं कार्ड म्हणजे नोलीन टकरचं कार्ड. औषधांच्या दुकानात काउंटरच्या बाजूला एक फिरता रॅक होता, त्यावर ती मिळायची. करड्या रंगाचा जाड कागद, त्यावर रुपेरी शाईत निलगिरीची तीन पानं, पानांच्या देठाला पांढऱ्या कागदाची कातरलेली बारीक कळी. आत काही नाही. आत कविता छापावी असं कोरलचं फार वर्षांचं म्हणणं होतं, पण नोलीन ऐकत नसे. ज्याला जे वाटतं ते त्याने लिहावं, आणि काहीच वाटत नसेल तर नुसतं नाव लिहावं, असं तिचं मत होतं. मतं तिच्याकडे पुष्कळ होती, आणि ती बहुधा बरोबर निघायची. गव्हाच्या उंच कोठारापाशी वजनकाट्यावर तिने सगळी नोकरी केली होती. हंगामात ट्रकांची रांग पार रस्त्यापर्यंत लागायची, उन्हाने डोकी तापलेले शेतकरी खिडकीशी येऊन हुज्जत घालायचे, आणि नोलीन आत पंख्याखाली बसून, काट्यावर जे दिसतंय तेच शांतपणे पुन्हा सांगायची. हंगाम संपला की खिडकीशी कुणी फिरकत नसे. त्या रिकाम्या दिवसांत ती शिक्क्यांचं काम शिकली.

नवीन बाई गटात आली की नोलीन तिला शिकवायची. शिक्का शाईत बुडवायचा नाही, नुसता थोपटायचा. कागदावर टेकवला की डुलवायचा नाही. तळव्याने भार द्यायचा आणि सरळ वर उचलायचा. दुखवट्याचं कार्ड असेल तर आणखी एक सूचना असायची. “मेलेल्याचा विचार करायचा नाही. कागदाचा करायचा.”

आणि नेमकी तिच्यावरच वेळ आली तेव्हा गावाने काय केलं? तिचा नवरा मर्व्ह गेल्याचं कळलं तसे लोक नेहमीप्रमाणे औषधांच्या दुकानात गेले आणि त्यांनी रॅकवरची सगळीच्या सगळी दुखवट्याची कार्डं विकत घेतली. मग आत दोन ओळी लिहून, ती ज्या बाईने केली होती तिलाच पाठवून दिली. चाळीसच्या वर आली. त्यात वावगं आहे असं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दुसरं कुठलं कार्ड पाठवणार होते?

म्हणून तर आज पंचाईत होती. रॅक रिकामा होता आणि आयव्हीचा नवरा लेस पॅस्को वारला होता.

“आयव्हीला लोक आता पेट्रोल पंपावरची कार्डं देतायत,” ग्लेनिस म्हणाली. “ती सोनेरी अक्षरांची. बाई बाई.”

“आज माझी तयार होतील,” कोरल म्हणाली. तिने एक कार्ड वर धरून दाखवलं. पानांचा शिक्का होता, पण पानं दिसायला शोधावी लागत होती. वर कागदी गुलाब होते, गुलाबांवर खोटे मोती, मोत्यांमागे जाळीची फीत.

“पोस्टाच्या पेटीच्या फटीत जायचं नाही ते,” नोलीन फुगे छापता छापता म्हणाली.

“मग हाताने नेऊन देतील.”

“आणि टेबलावर उभं कसं राहणार? पुढे तोंडावर आपटेल.”

“तू फुगे छाप गं!”

त्यावर सगळ्याच हसल्या. नोलीनही हसली. पण घरी जाताना गाडीत तिच्या लक्षात आलं, की आज कुणीही तिला ‘हे बरोबर आलंय का?’ असं विचारलं नव्हतं. एरवी दर गुरुवारी तिच्यापुढे कार्डांची रांग लागायची. आज तिच्यापुढे फक्त बिस्किटांची बशी सरकवली होती, तीही दोनदा.

घरी येऊन तिने चहा केला आणि मर्व्हच्या खुर्चीत बसली. ठरवून नाही. तिच्या नेहमीच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे पडले होते म्हणून. मर्व्ह पवनचक्क्या दुरुस्त करायचा. दिवसभर उंचावर चढून आलेला माणूस घरी त्या खुर्चीत असा रुतायचा, की त्याला जेवायला उठवणं हेच एक काम असायचं. खुर्ची भिंतीतल्या फडताळासमोर होती, आणि फडताळावर, रेडिओवर, खिडकीच्या चौकटीत तिला आलेली कार्डं मांडलेली होती.

ती रोज त्यांच्यावरची धूळ झटकत होती. एकेक उचलायची, ओळखायची. हे वाऱ्याच्या दिवशी केलेलं, पान जरा हललंय. ह्याची कळी उलटी चिकटली आहे, हे रॅकवर जायलाच नको होतं. आतला मजकूरही तिला पाठ झाला होता. लोहारकाम करणाऱ्या बर्टने लिहिलं होतं, ‘मर्व्हकडे माझी शिडी आहे, ती राहू दे.’ ह्या वाक्यावर ती पहिल्यांदा रडली होती.

पण खुर्चीत बसून, लांबून, ती सगळी एकदम तिने आजच पाहिली.

करडं, करडं, करडं. नळाखाली विसळून राहिलेल्या पाण्यासारखा रंग. एकेक कार्ड देखणं होतं, त्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पण ते एकेकटं येत नाही. सगळी एकदम येतात, आणि ज्याच्या घरात येतात त्याला त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ बघत बसावं लागतं. इतकी वर्षं ती टेबलाच्या अलीकडून कार्ड बघत आली होती. पलीकडे माणूस कुठल्या खुर्चीत बसलेला असतो, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

“अगं बाई,” ती मोठ्याने म्हणाली. “मी चुकत होते की!”

तिला वाईट वाटायला हवं होतं. तसं ते थोडं वाटलंही. पण जास्त वाटली ती घाई. चहा तसाच ठेवून तिने स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं केलं. जाड पांढरा कागद कापला, दुमडला, घडी हाडाच्या पट्टीने दाबली. निलगिरीचा शिक्का कोरलकडे होता तर होता. खणात वॅटलच्या, म्हणजे तिकडच्या पिवळ्या बाभळीच्या, फांदीचा एक जुना शिक्का होता, नुसतं देठ आणि बारीक पानं. तो तिने हिरव्या शाईत उठवला. मग पिवळा पातळ कागद घेतला, त्याच्या चिमुकल्या पट्ट्या कातरून बोटांत वळल्या आणि बाभळीच्या फुलांसारखे गोंडे करून फांदीभर चिकटवले. उजेड होता तोवर आठ झाली. हात एकदाही चुकला नाही. मर्व्हचा विचार मनात सारखा होता आणि कागदाचाही होता, आणि दोन्ही एका वेळी करता येतात असं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली तर कोरल आधीच तिथे. मोत्यांची कार्डं रॅकवर लावत होती, आणि नोलीनने म्हटल्याप्रमाणे ती पुढे कलत होती.

“हे काय आणलंस?” कोरलने नोलीनच्या हातातलं कार्ड घेतलं. “पिवळं? ईस्टरच्या कार्डांवरची कोंबडीची पिल्लं आहेत का ही?”

“वॅटल आहे. दुखवट्याचं कार्ड आहे.”

“नोल. दुखवट्याचं कार्ड. पिवळं.” कोरलने फुआंगकडे पाहिलं. फुआंग दुकानाची मालकीण, वयाने दोघींच्या मुलींएवढी. “तू सांग हिला. एका बाईचा नवरा गेलाय आणि तिला हे द्यायचं?”

“माझाही गेलाय,” नोलीन म्हणाली. “घरभर करडी कार्डं लावून बसले आहे मी. तुम्ही कुणी बसला नाहीत.”

फुआंगने कोरलच्या हातातलं कार्ड घेतलं. “मला आवडलं, नोलीन. पण लोकांना चालेल का? आयव्ही काही बोलायची नाही हो, ती मनातच ठेवील. तुम्ही मात्र गावाच्या तोंडी याल.”

“मग आयव्हीचंच बघू,” नोलीन म्हणाली. “एक मी तिला पाठवते. कोरल, तूही तुझं दे. रविवारी आपण दोघी तिच्याकडे जाऊ. माझं तिला खटकलेलं दिसलं, तर पानांचा शिक्का तुझा, दुखवट्याची कार्डं तुझी. मी मरेपर्यंत फुगे छापीन. तक्रार करणार नाही.”

“तू? आणि तक्रार नाही?”

“हत्तीसुद्धा छापीन. आणि खटकलं नसेल तर शिक्का परत. आणि ती बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवायची नाही.”

कोरलने कलंडलेलं एक कार्ड सरळ उभं केलं. “ठरलं,” ती म्हणाली. “पण माझा शिक्का जाणार नाही, बघशील तू.”

“माझा शिक्का,” नोलीन म्हणाली.

कार्डात काय लिहायचं यावर मात्र ती बराच वेळ अडली. आतली कोरी बाजू किती मोठी असते, हेही तिला त्या दिवशीच कळलं. शेवटी तिने लिहिलं, ‘आयव्ही, सकाळी उठल्यावर दोन कप काढले जातात. एक परत ठेवायचा. मी ठेवते आहे. नोल.’

रविवारी दोघी पॅस्कोंच्या घरी गेल्या. नोलीनने खजुराची वडी भाजून नेली होती. आयव्ही लहानखुरी, गप्प बाई. तिने त्यांना पुढच्या खोलीत बसवलं. तिथल्या फडताळावर कार्डं मांडली होती. पेट्रोल पंपावरची सोनेरी अक्षरं, पांढऱ्या लिली, करडे ढग, आणि अगदी मधोमध, मागून एका पुस्तकाचा टेकू देऊन उभं केलेलं, कोरलचं मोत्यांचं कार्ड.

नोलीनने रांग नजरेने डावीकडून उजवीकडे पाहिली. मग उजवीकडून डावीकडे. पिवळं कुठेच नव्हतं.

कोरलनेही पाहिलं होतं. तिने नोलीनच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि नोलीनला वाटलं, याच्यापेक्षा ही हसली असती तर बरं झालं असतं.

“चहा मी टाकते,” नोलीन उठली. “तू बस, आयव्ही.” हरले तर हरले, तोंड पाडून बसायचं नाही, एवढं तिने उठता उठता ठरवून टाकलं. हत्ती करड्या शाईत छापला तर बरा दिसेल.

ती स्वयंपाकघरात शिरली. किटली भरायला नळापाशी गेली आणि थांबली.

कार्ड खिडकीच्या कट्ट्यावर होतं, नळाला जवळजवळ लागून. समोर अंगण, तारेवर वाळत घातलेला एकच टॉवेल. भांडी विसळताना उडालेलं पाणी कार्डावर पडलं होतं, एकदा नाही, बऱ्याचदा. पिवळ्या गोंड्यांचा रंग सुटून पांढऱ्या कागदावर खाली ओघळला होता, आणि फांदीचं एक टोक हिरवं फिसकटलं होतं. कच्च्या रंगाचा कागद, नोलीनच्या मनात आलं. चूक माझी. पुढच्या खेपेला पाण्याला टिकणारा घ्यायचा, आणि शाईही.

“तिकडे नाही ठेवलं मी,” आयव्ही मागे येऊन उभी होती. तिच्या मागे, दारात, कोरल. “त्या खोलीत मी बसतच नाही गं. मी इथेच असते.”

“ओलं होतंय ते,” नोलीन म्हणाली, आणि तिने कार्ड उचलून नळापासून हातभर दूर, कोरड्या जागी नेऊन ठेवलं.

कोरल दारातून आत आली. “गुरुवारी आणते तुझा शिक्का,” ती म्हणाली, आणि किटली घेऊन भरायला लागली.

चहा झाला. नोलीनने केलेली वडी आयव्हीने दोनदा मागून घेतली. मग, पाहुण्या नको नको म्हणत असताना, ती कप विसळायला उठली. तिने नळ सोडला, पहिला कप पाण्याखाली धरला, आणि न बघता मोकळ्या हाताने ते कार्ड ओढून पुन्हा नळाजवळ घेतलं.