राजधानीतली येळवस

दोन गावं तालुक्याच्या ठाण्यासाठी भांडत बसली, म्हणून सरकारनं उदगीर-जळकोट रस्त्यालगतच्या माळावर, कुणालाच नको त्या जागी, नवं ठाणं उठवलं. तहसील, विश्रामगृह, साठ क्वार्टर. लोक त्याला राजधानी म्हणत आणि म्हणताना हसत. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे उदगीरहून अप-डाऊन करायचे. सहाची शेवटची एसटी गेली की राजधानीत दोनच माणसं उरत: चौकीदार देविदास आणि त्याची बायको मंजुळाबाई.

देविदासचं शेत तहसीलखाली गेलं होतं. त्याबदल्यात ही नोकरी आणि एक नंबरचं क्वार्टर. रोज दिवेलागणीला तो बारा रिकाम्या क्वार्टरांत दिवे लावायचा. वरून तोंडी हुकूम होता, रस्त्यावरून वस्ती दिसली पाहिजे. सहा वर्षांत त्याचा जीव पार विटला होता.

मंजुळाबाईचा त्याआधीच. साखर मागायला दार नाही, भांडायला बाई नाही. दिवाळीनंतर तिनं सांगून टाकलं, "येळवशीपतोर बगते. एक घर जरी राह्यला येतो म्हनलं तर राहीन. न्हाई तर मी चालले सुकन्याकडं उदगीरला. तुमी बसा दिवे लावत." सुकन्या म्हणजे त्यांची लेक. मंजुळाबाई बोलली की करते, हे देविदासला चांगलं ठाऊक होतं.

मग त्यानं ठरवलं, येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, सगळ्यांना जेवायलाच बोलवायचं. हे आवतन कुणी मोडत नाही. शेत होतं तेव्हा वाटेवरचा अनोळखी माणूससुद्धा त्याच्याकडून जेवल्याशिवाय सुटत नसे. बायका-पोरं आली, क्वार्टर बघितली, तर एखाद्याचं मन होईल. तो टेबलाटेबलाला जाऊन सांगून आला. सगळे म्हणाले, "येतो की मामा."

अमावस्येला त्यानं तहसीलच्या मागं कडब्याची कोप उभी केली, आत पूजेला दगडांचे पांडव मांडले. हिरव्या दाण्यांची, पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचा मोठा बिंदगा. कंटाळलेल्या मंजुळाबाईच्या हातांनाही हुरूप आला होता.

बारा वाजले, एक वाजला. रस्त्यावरून भरभरून जीपा जात होत्या, जो तो कुणाच्या ना कुणाच्या शेताकडं निघालेला. राजधानीकडं एकही वळली नाही. तेव्हा कुठं देविदासला आपली चूक कळली. येळवशीला माणूस शेतात जातो. जन्मभर शेतातून आवतन द्यायची सवय. आता आपण कचेरीत बोलावतोय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी कचेरीत कोण मरायला येतो?

चारच्या सुमाराला उमाशंकर कारकून आला, एकटाच. विसरलेली फाईल न्यायला आला होता. मंजुळाबाईनं त्याला बसवून पोटभर वाढलं.

"लेकरा, बायकू-पोरं आन की इकडं. नळ हाय, अंगण हाय."

"खोटं कशाला बोलू मावशी? घरात लई येळा इषय निघतो. पर इथं शेजार न्हाई. एखादं घर आलं की आमी मागनं येतो."

मंजुळाबाईची पळी हातातच राहिली. "आन आमी?"

उमाशंकर वाईट माणूस नव्हता. आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं. त्यानं मान खाली घालून उरलेला उंडा संपवला आणि फाईल घेऊन निघून गेला.

दिवस कलला, शेताच्या बांधानं फिरून आंबील शिंपडायची राहिली होती. मंजुळाबाईनं बिंदगा घेतला, देविदास किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढं झाला. जुना बांध त्याला पाऊल न पाऊल आठवत होता. तो बांध आता तहसीलच्या व्हरांड्यातून जात होता, विश्रामगृहाच्या मोरीवरून वळत होता. फरशीवर आंबील शिंपडत दोघं चौफेर फिरले.

"शेत होतं तव्हा साठ मानसं जेवायची इथं," ती म्हणाली. रागवायलाही तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

तिची पिशवी भरलेलीच होती. एसटी थांबल्यावर तिनं एकदाच विचारलं, "चलता का?"

"दिवे लावायचेत," देविदास म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

गाडी गेल्यावर त्यानं बारा क्वार्टरांत दिवे लावले. मग एक नंबरपाशी आला. तिथला दिवा रोज मंजुळाबाई लावायची. देविदासनं कुलूप काढलं, बाकीच्या बारांसारखाच तोही दिवा लावला, दार ओढून घेतलं आणि कोपीत जाऊन बसला.