खालचं पॅनल

तांदळाच्या दाण्याएवढा एक फोड, पांढऱ्या रंगाखाली हवा धरून बसलेला. नख लावलं असतं तर फुटला असता आणि आतला तपकिरी चुरा बोटाला लागला असता, पण उज्ज्वलाने नख लावलं नाही. नमुना हातात घ्यायच्या आधी तो जसा आहे तसा पुरता पाहून घ्यायचा, ही तिची सवय होती. त्या फोडाशेजारी दुसरा, मग तिसरा, आणि पुढे खालच्या कडेने त्यांची एक वाकडीतिकडी ओळ. हे ठीक होतं. खारी हवा असंच खाते – कडेकडून, स्क्रूच्या भोकांपासून, जिथे पत्रा कापला जातो आणि जस्ताचा थर उघडा पडतो तिथून. पण फोडांच्या वर, वरच्या कडेपासून निघून सरळ खाली उतरलेले ते सात ओघळ... हवा ओघळत नाही. ओघळतं ते ओतलेलं काहीतरी.

सकाळपासून ती तिसऱ्यांदा बकऱ्यांच्या कोठ्याशी आली होती. कोठ्याच्या तोंडाशी, जिथे पूर्वी तुराट्यांचा ताटवा असायचा, तिथे आता हे पॅनल आडवं लावलेलं होतं. आठ फूट लांब, दीड फूट उंच, मध्ये फोम भरलेला दुहेरी पत्रा. असे पाच पत्रे एकावर एक बिजागऱ्यांनी जोडले की बंगल्याच्या गॅरेजचा एक दरवाजा होतो, आणि बटण दाबलं की तो सांध्यांवर वाकत छताखाली सरकतो, असं ओमने दिवाळीत हाताने वळवून दाखवलं होतं. ओम म्हणजे तिचा दोन वर्षांनी मोठा भाऊ. अलिबागच्या बाजूला समुद्राकाठच्या बंगल्यांमध्ये तो हेच काम करायचा: दरवाजाचं सडलेलं पॅनल काढायचं आणि तिथे नवं बसवायचं. सडतं ते बहुतेक वेळा सगळ्यात खालचंच. काढलेल्यांपैकी हे एक त्याने दीड महिन्यापूर्वी ओळखीच्या ट्रकमध्ये टाकून आर्णीपर्यंत आणलं आणि तिथून बैलगाडीने तांड्यात. बकऱ्यांना समुद्राकाठच्या बंगल्याचं दार! सगळा तांडा पाहायला आला होता.

"काय पाहून राह्यली वं त्या पत्र्यात सकाळपासून?" तिच्या आईने, लालीबाईने, चुलीपासूनच विचारलं. "तुह्या लग्नाचा आरसा हाय का तो?"

"काही नाही याडी."

"काही नाही तं मंग भाकर खा. तुहा भिया पाचच्या बसनं जाईन, त्याच्यासंगं दोन गोष्टी कर. पत्रा इथंच रायते."

पाच वाजता. पाचला आर्णीहून त्याची बस होती आणि त्याच्या आत त्याला कागद हवा होता.

तिच्या पिशवीत, वहीच्या मध्ये, लॅबच्या नावाचे दोन कोरे कागद होते. यवतमाळच्या त्या माती-पाणी तपासणीच्या लॅबमध्ये ती दोन वर्षं काम करत होती. शनिवारी निघताना तिने ड्रॉवर उघडला आणि... मागितले नाहीत मी. घेतले. ओमने फोनवर सांगितलं होतं, दोन ओळींचं काम आहे. ज्या वसाहतीत त्याच्या सेठचं काम होतं तिथल्या अकरा बंगल्यांची खालची पॅनलं – कोठ्याचं हे त्यांतलंच एक – दीड वर्षात गेली होती आणि आता मालकांनी सेठला गाठलं होतं. खाऱ्या हवेनेच गेली याचा कुठल्यातरी लॅबचा कागद आणा, नाहीतर काम बंद. सेठ ओमला म्हणाला, तुझी बहीण लॅबमध्ये आहे ना? कागद आणलास तर ये. नाहीतर येऊ नकोस, आणि त्या अकरा दारांना हात कुणाचा लागला होता ते मी मालकांना सांगेन.

हे ओमने काल रात्रीच्या जेवणात सगळं सांगितलं. हसत सांगितलं. आणि हसता हसताच एक गोष्ट जास्तीची सांगून गेला – तिथला एक निवृत्त म्हातारा सारखा विचारतो म्हणे, समुद्राच्या अगदी तोंडावरच्या रांगेतली दारं शाबूत आणि मागच्या रांगेतली सडली, हे कसं काय?

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगतलं का समोरची दारं दुसऱ्या कंपनीची हायेत."

"आहेत का?"

"हायेत ना," तो म्हणाला आणि पाण्याचा तांब्या ओढून घेतला.

तेवढंच. पण त्या उत्तरापासून तिच्या डोक्यात एक सुई उभी राहिली होती. दुसऱ्या कंपनीची असतील. असू शकतात. पत्र्याची जाडी, जस्ताचा थर, रंगाची प्रत – तीन वेगळे घटक झाले, आणि तीनही मला माहीत नाहीत. मग जे माहीत नाही त्याची जागा मन कशाने भरतं आहे? मन ती जागा खिळ्यांनी भरत होतं.

खिळे. ओम सोळा वर्षांचा असताना शाळा सोडून आर्णीच्या रस्त्यावर एका पंक्चरच्या दुकानात लागला होता. एका संध्याकाळी त्याने खिशातून मूठभर चपट्या डोक्याचे खिळे काढून तिच्या वहीवर ठेवले – डोकं खाली, टोक वर, कसेही टाका एखादा तरी उभाच राहतो – आणि सांगितलं की दुकानापासून दीडशे पावलांवर, वळणाच्या आधी टाकायचे. गाडी ढकलत दुकानापर्यंत येईल इतक्या जवळ आणि दुकानावर संशय येणार नाही इतक्या लांब. तेव्हा ती हसली होती. चौदा वर्षांची ती, त्या दीडशे पावलांच्या हिशेबावर खूश होऊन हसली होती – हे आठवलं की आजही तिचे कान गरम होत. पुढे महिन्याभरात त्याने ते दुकान सोडलं. का सोडलं ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

म्हणजे पद्धत तीच. आधी बिघडवायचं, मग दुरुस्त करायला आपणच जायचं. संडासात टाकायच्या ॲसिडची एक बाटली, वरच्या फटीत धरून थोडी थोडी ओतलेली. जस्त फसफसून जाईल, पंधरा दिवसांत लोखंड तांबडं, आणि समुद्रकिनारी गंजाचं कारण कोण विचारतो? तिला हे इतकं स्पष्ट दिसलं – ओमचा हात, बाटलीचं निळं बूच – की तिने डोळे मिटून घेतले. पाहिलेलं नाही हे. ओघळ पाहिले आहेत. ओघळ ते हात यांच्यामध्ये जे काही आहे ते मी घातलं आहे.

खरवडून यवतमाळला न्यावं? पण उपयोग नव्हता, हे तिला सकाळीच कळलं होतं. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला तर पांढरा साका येईल, क्लोराइड आहे असं कळेल. आणि क्लोराइड मिठातही असतं, त्या ॲसिडमध्येही असतं. थेंबाला ते कुठून आलं याच्याशी कर्तव्य नसतं. त्यात दीड महिना पॅनल बकऱ्यांच्या मुताने भिजलेलं. लॅबमध्ये असा नमुना कुणी आणला असता तर तिने तो खिडकीतूनच परत केला असता.

बकरीचं एक पिल्लू पॅनलच्या खालच्या कडेशी आलं, हुंगलं आणि मागे सरलं.

"पाह्य, आता नाई चाटत ते," मागून लालीबाई म्हणाली. ती भाकरीचा हात पदराला पुसत कधी येऊन उभी राहिली ते उज्ज्वलाला कळलंच नव्हतं. "आधी दिवसभर चाटे. साऱ्याच बकऱ्या. पिल्लाले हगवण लागली त्याच्यानं. मंग म्याच त्याच्यावर ॲसिड टाकलं अन् काथ्यानं घासलं."

"ॲसिड?"

"तो सायकलवाला नाई येत का, फिनाईल अन् ॲसिड इकणारा? त्याच्यापासून घेतलं. पुरी बाटली टाकली." आणि मग, जणू हे सांगितलंच पाहिजे असं वाटून, "मिठाचा माल होता ना तो. आपल्या जुन्या माणसाइनं बैलाच्या पाठीवर मीठ वायलं, गावोगाव पोचवलं, पन जनावराले कधी तोंड लावू देलं नाई. तुह्या भियानं दर्यावरून मिठाचं दारच उचलून आनलं!" ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली.

उज्ज्वलाच्या छातीतलं काहीतरी एकदम सैल झालं. बकऱ्या चाटत होत्या! म्हणजे मीठ होतं, समुद्राचं, खरंखुरं – कुठल्याही थेंबापेक्षा स्वच्छ परीक्षा बकरीच्या जिभेने करून ठेवली होती. आणि ओघळ याडीचे. इतकं साधं. ओमकडे जावं, त्याच्या डोक्यावर एक टपली मारावी, दोन ओळी लिहून द्याव्यात... ती वळलीसुद्धा. आणि वळता वळता तिने विचारलं. विचारायला नको होतं, पण तिची जीभ अशीच होती, सैल झालेली गाठही ओढून पाहणारी.

"याडी, घासताना पत्रा कसा ठेवला होता? उभा का आडवा?"

"उभा. त्या निंबाले टेकवून," लालीबाई म्हणाली.

उभा. पॅनल लांबीवर उभं असेल तर ॲसिड लांबीनेच खाली जाईल, आठ फूट. आणि हे ओघळ रुंदीतून उतरले होते, दीड फुटांचे – पॅनल आडवं असताना, दरवाजात असतं तसं. उज्ज्वलाची नजर ओघळांवरून एकदा खाली गेली, आणि लालीबाईची नजर तिच्या नजरेमागून गेली.

"नाई वं. आडवाच होता," लालीबाई म्हणाली. "असाच. जसा आता हाय तसाच. दीड महिना झाला, मले काय ध्यानात रायते?"

"बाटली आहे का ती?"

"देली भंगारवाल्याले." मग वेगळ्या आवाजात, "कायले पाह्यजे तुले बाटली?"

याडीला नाहीच आठवत असेल. काम करताना कोण लक्षात ठेवतं, उभं का आडवं? किंवा ओमने रात्रीच तिला सांगून ठेवलं असेल. किंवा ओमने काहीच सांगितलं नसेल, आणि लेकीचे सकाळचे तीन फेरे पाहून, काय चाललंय ते न समजताच तिने लेकासाठी बोलण्यातच एक खोटी बाटली ओतून टाकली असेल – तशी ती लहानपणापासून दोघांच्या भांडणात पाणी ओततच आली आहे. तीन शक्यता. तिन्हींमध्ये तिचा चेहरा हाच असता. आणि उज्ज्वलाच्या लक्षात आलं की ती आता आईचा चेहरा पाहत नव्हती, तपासत होती. डोळ्यांच्या कडा, ओठ, हाताची पदराशी चाललेली चाळवाचाळव... ती घाईने दुसरीकडे पाहू लागली.

चार वाजता ओमची पिशवी भरून झाली. ड्रिलची पेटी, दोन पँट, लालीबाईने बांधून दिलेली तिळाची चटणी. तो ओसरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता.

"झालं का मॅडम? सेठ म्हने, कागदावर चांगलं मोठं नाव पाह्यजे लॅबचं."

"फोटो आहे का, दारातून काढलंस तेव्हाचा? पॅनलचा?"

"मह्या फोनवर नाही. सेठकडं हायेत सारे." मग नाडी हातात धरून त्याने वर पाहिलं. "काहून?"

"लिहायला बरं पडलं असतं."

ती आत गेली. कोरा कागद वहीवर ठेवला, लॅबचं छापील नाव वरून दुमडलं, मग ते फाडूनच टाकलं आणि उरलेल्या कागदावर, चांगल्या अक्षरात, लिहिलं: खालच्या कडेचा गंज खाऱ्या हवेमुळे आलेला असू शकतो. वरून खाली आलेले डाग द्रव पदार्थाचे आहेत. ते केव्हा पडले ते सांगता येत नाही. नमुना काढल्यानंतर स्वच्छ ठेवलेला नसल्याने सडण्याचं कारण यावरून ठरवता येणार नाही. खाली सही केली. प्रत्येक वाक्य खरं होतं. लिहून झाल्यावर तिला वाटायला हवं होतं ते समाधान काही वाटलं नाही.

ओमने उभ्यानेच वाचलं. एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं – शाळा सोडल्यापासून तो असाच वाचत असे. तो चिडेल, हसेल, कागद भिरकावेल अशी तिने मनाची तयारी केली होती. त्याने घडी घातली आणि खिशात ठेवली.

"सेठले हे चालनार नाही," तो म्हणाला.

"मला एवढंच लिहिता येतं, भिया."

"हो ना. जे हाय तेच लिवलं तू." त्याने पिशवी खांद्याला लावली. अंगणात लालीबाई गाडीवर बसायला निघालेल्या शेजाऱ्याला, ओमला आर्णीपर्यंत सोड म्हणून, थांबवत होती. ओम पायरी उतरला आणि वळला नाही, पाठमोराच म्हणाला, "उजू, सकाळपासून तू त्या पत्र्याले इचारून राह्यली. मले इचारलं असतं तं म्या सांगतलं असतं."

काय? – हा एक शब्द. तो अजून दहा पावलांवरच होता. शेजाऱ्याने गाडी सुरू केली होती, ओम मागे बसत होता, पिशवी मांडीवर घेत होता; हाक मारली असती तर ऐकू गेली असती. काय सांगितलं असतंस? केलं म्हणून की नाही केलं म्हणून? तिने हाक मारली नाही, कारण त्याच क्षणी तिला दिसलं की दोन उत्तरांपैकी तिला एक हवं आहे, आणि ते भलतंच आहे. त्याने ते केलं नसेल तर आज तो ज्या सेठकडे चालला होता तिथे तिने त्याला रिकाम्या हाताने, एका कोरड्या खऱ्या कागदानिशी पाठवलं होतं. मग सबंध दिवस ती आपल्या सख्ख्या भावाच्या हातात एक बाटली ठेवत बसली होती, आणि आईच्या तोंडात खोटं. गाडी वळली. धूळ उठली, हळूहळू बसायला लागली.

त्याने केलेलं असू दे, ती मनात म्हणाली. आधी सवयीने, शक्यता मांडावी तशी... आणि मग तिला ऐकू आलं की ती शक्यता मांडत नाही, मागते आहे. देवा, त्यानंच केलेलं असू दे.