जाड पाकीट

माझं काम पाकिटं फोडायचं होतं. मानसशास्त्र विभागात, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेलं टेबल माझं. वर्षभरात घरातलं माणूस गेलंय अशा लोकांसाठी मॅडमनी एक प्रयोग मांडला होता. आठ आठवडे, आठवड्यातून एक तास, शिकून तयार झालेल्या माणसासमोर बसून बोलायचं. त्यानं दुःख हलकं होतं का, ते बघायचं. निम्म्यांना लगेच बोलवायचं, निम्म्यांना तीन महिन्यांनी. फॉर्म मात्र सगळ्यांचे दोनदा, पहिल्या दिवशी आणि तीन महिने झाल्यावर.

"सगळ्यांनाच लगेच का नाही बोलवायचं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"दुःख नुसत्या दिवसांनीही थोडं उतरतं," मॅडम म्हणाल्या. "थांबलेली माणसं बाजूला दिसली नाहीत तर श्रेय कुणाला द्यायचं? बोलण्याला की कॅलेंडरला?"

"आणि थांबायचं कुणी, हे तुम्ही ठरवणार?"

"मी नाही आणि तुम्हीही नाही. आपण ठरवायला बसलो की आपली दया मध्ये येते. पाकीट ठरवेल."

पाकिटांवर क्रमांक होते. आमच्या आकडेवाल्यांनी चिठ्ठ्या पिसून ती भरली आणि चिकटवली होती. हे विभागाचं गणित बघायचे, म्हणून सगळे त्यांना आकडेवाले म्हणत. आलेला माणूस आतल्या खोलीत फॉर्म भरायचा, कुलपाच्या पेटीत टाकायचा आणि माझ्याकडे यायचा. मी पुढच्या क्रमांकाचं पाकीट फोडायची. आत 'आता' असेल तर तारखा द्यायच्या, 'नंतर' असेल तर फोन करू म्हणून सांगायचं, आणि रजिस्टरात त्या क्रमांकापुढे नाव लिहायचं. कुणाच्या फॉर्मवर काय आहे, ते मला कधी दिसत नसे.

फॉर्म भरायला किती वेळ लागतो, हे बघण्यासाठी मॅडमनी पहिला मला दिला. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, म्हणून मी मोजण्यात नव्हते. वीस प्रश्न. रडू येतं का, झोपेतून जाग येते का, त्यांच्या वस्तू बघवत नाहीत का. वीसही ठिकाणी 'कधीच नाही' वर खूण करून मी सहा मिनिटांत पेन खाली ठेवलं.

"साठपैकी शून्य," आकडेवाले म्हणाले. "बाई, तुम्ही दगडाला मागे टाकलंत."

ते थट्टा करत होते म्हणून मी हसले.

घरी आम्ही दोघीच, मी आणि नणंद. माझे नेम तिला पाठ होते. पहाटे दिवा, जप, जप झाल्याशिवाय पाणी नाही. एक नेम मात्र तिलाही ठाऊक नव्हता. यजमान गेल्यापासून रोज एका माणसाचं काहीतरी भलं करायचं, त्याला कळू न देता, आणि संध्याकाळी निळ्या वहीत त्याची एक ओळ लिहायची. कुणाला सांगितलं तर ते त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, असं मीच धरून चालले होते. करताना बरं वाटायचं असंही नाही. दात घासतो तसं ते होतं.

"वहिनी, रोज काय खरडतेस? माझ्या चहाड्या?" नणंद विचारायची.

"त्याला एक वही कशी पुरेल?"

"मग मोठी आण. मी कमी करणार नाहीये."

रोज एक भलं सापडणं सोपं नसतं. जिन्यातली पायपुसणी सरळ करण्यावरही मी काही दिवस भागवले आहेत.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या बोटांना कळलं की 'आता'ची पाकिटं किंचित जाड आहेत. त्यांत तारखांचा घडी घातलेला कागद असायचा, 'नंतर'मध्ये नुसती चिठ्ठी. डोळ्यांना फरक दिसत नसे. दिवसभर तीच पाकिटं हाताळणाऱ्यालाच तो कळला असता. मी कुणाला बोलले नाही. बोलायला हवं होतं.

त्याच आठवड्यात एक पोस्टमन आला. त्याची बायको गेली होती. पायात दोन वेगळे बूट होते आणि फॉर्मवर पाणी पडलं म्हणून त्याला दुसरा द्यावा लागला होता. खुर्चीत बसून तो नुसता रडत राहिला. माझ्या हातात तेरा नंबरचं पाकीट होतं, पातळ. खालचं चौदा जाड. त्या दिवशी वहीत लिहायला अजून काही सापडलं नव्हतं. मी चौदा फोडलं, "मंगळवारी चार वाजता या" म्हटलं आणि त्याचं नाव चौदासमोर लिहिलं.

तासाभराने एक बेकरीवाली आली. कोपरापर्यंत पीठ, केसांतही थोडं.

"इथे रडणं सक्तीचं आहे का?" तिने बसता बसता विचारलं. "नाही म्हणजे, मला आधी सांगून ठेवायला लागतं."

"सक्ती काही नाही," मी म्हटलं.

"ताई गेली माझी. बेकरी आमची दोघींची होती. ती हिशोबाची, मी बडबडीची. दोघी मिळून एक अख्खी बाई व्हायचो. आता अर्ध्या बाईला अर्धा फॉर्म चालेल का, तर तुमचे ते साहेब नाही म्हणाले."

आतून आकडेवाल्यांचं हसू ऐकू आलं. हिला काही घाई नाही, असं मला वाटलं. तेरा फोडलं.

"तीन महिन्यांनी फोन करू."

"तीन महिने?" तिने कोपरावरचं पीठ झटकलं. "बरं. तोवर पाव आहेतच."

असं मी एकतीस वेळा केलं. रडणाऱ्याला जाड, हसणाऱ्याला पातळ. त्याच दिवशी आणखी कुणी येणार असेल आणि पाकिटं तशी लागली तरच. रजिस्टरात तारीख मागेपुढे झाली नाही. वहीत त्या त्या दिवशी ओळ लिहिली.

सात महिन्यांनी मॅडमनी आम्हाला खोलीत बोलावलं. टेबलावर आकड्यांचे कागद होते.

"बोललेले आणि थांबलेले, दोघांत काही फरक नाही," त्या म्हणाल्या. "उलट बोललेलेच जरा जास्त दुःखी आहेत. पैसे देणाऱ्या समितीला पंधरवड्यात कळवायचंय. बोलण्याच्या खोल्या बंद होतील. लोकांना उगाच बसवून ठेवलं, असंच होईल ते."

आकडेवाले पहिलं पान बघत होते. "हे बघा. पहिल्या दिवशीचे आकडे. बोलणं सुरू व्हायच्या आधीच 'आता'वाले नऊ गुणांनी जास्त दुःखी होते. चिठ्ठ्या मी स्वतः पिसल्यात. दोन्हीकडे साधारण सारखी माणसं यायला हवी होती."

"नशीब म्हणायचं."

"नशीब एवढं नीट निवडत नाही, मॅडम. ज्यांना जास्त ओझं होतं त्यांना एका बाजूला उभं केलं आणि शर्यत लावली, तसं झालंय. ओझं उतरलं असेलही. पण कळायचं कसं?" त्यांनी बोट खाली नेलं. "आणि गंमत म्हणजे सगळ्यात मोठा आकडा 'नंतर'मध्येच आहे. साठपैकी सत्तावन्न. क्रमांक तेरा."

मी रजिस्टर उघडलं नाही. तेरा मला माहीत होतं.

"दुसऱ्या फॉर्मला काय आकडा आहे?" मी विचारलं.

"आलीच नाही ती. दोनदा फोन केला, उचलला नाही."

घरी जाऊन मी दिवा लावला, जप केला. जपात एकही मणी चुकला नाही. आत काहीतरी व्हायला हवं होतं, म्हणून मी थोडा वेळ वाट बघितली. मग वही पिशवीत घातली.

"कुठे निघाली ही?" नणंदेने विचारलं. "माझ्या चहाड्या छापायला?"

"उद्या ऑफिसात द्यायचीय."

"वहिनी, थट्टा केली गं मी."

"ठाऊक आहे."

सकाळी वही मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि पाकिटांचं सांगितलं. जाड, पातळ, पोस्टमन, सगळं. आवाज माझा नेहमीसारखाच होता. त्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतली. साडेचार वर्षं एकेक ओळ. कुणाची छत्री दुरुस्त केली, कुणाच्या मुलीचा अर्ज वेळेत पोचवला. माझ्यासमोर एकेक ओळ वाचली जात होती आणि मी धरलेल्या हिशेबाने एकेक रद्द होत होती.

एका पानावर त्या थांबल्या. "माझ्या खिडकीतलं वाळलेलं रोप तुम्ही बदललंत?"

"हो."

"मला वाटलं, ते पुन्हा धरलं. मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं."

आकडेवाल्यांनी एकतीस तारखा उतरवून घेतल्या. "जोड्या कळल्या तरी उपयोग नाही," ते म्हणाले. "रडणाऱ्यांना निवडून जे झालं, ते आता निस्तरत नाही. फक्त एवढं लिहिता येईल की या आकड्यांवरून होही म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका."

"मग तसंच लिहा," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा करू. पाकिटं दुसऱ्या इमारतीत राहतील. फोनवर क्रमांक विचारायचा." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कुणाला त्रास द्यायला केलं नाहीत, ते दिसतंय. पण त्या टेबलावर तुम्हाला ठेवता येणार नाही."

"हो."

"आणि थांबवलेल्या एकतीस जणांना फोन तुम्ही करायचा. खरं सांगून."

यादीतल्या पहिल्या नंबरवर फोन वाजत राहिला. पाचव्यांदा लावला तेव्हा उचलला. मागे भट्टीच्या ट्रेचा आवाज होता.

मी नाव सांगितलं. पाकिटाचं सांगितलं. तुमच्या आधीच्या माणसाला मी तुमच्या जागी बसवलं आणि तुम्हाला मागे ठेवलं, हे सांगितलं.

"का?"

"तो रडत होता."

"आणि मी हसत होते म्हणून?"

"हो."

पलीकडे ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला. माफी मागायची हे आठवलं आणि मी मागितली. ती तिने ऐकली की नाही, कळलं नाही.

"सकाळची भट्टी चारला लागते," ती शेवटी म्हणाली. "ताई उठवायची मला. आता मी झोपतच नाही, म्हणजे उठायचा प्रश्नच नको. कुणाला सांगायला जावं तर गिऱ्हाईक हसायला लागतं आधीच."

"मंगळवारी तुमच्यासाठी जागा आहे," मी म्हटलं.

"हे पण तुमच्या मनाने देताय?"

"नाही. मॅडमनी यादी दिलीय. क्रमाने. तुम्ही पहिल्या."

"किती वाजता?"

"चार."

"चार," ती म्हणाली. "दुपारचे ना?"

"दुपारचे."

तिने फोन ठेवला. मी यादीत तेरासमोर खूण केली आणि पुढचा नंबर फिरवला.