बार्लो पॉइंटचा शेवटचा बॅनर

पूर्ण बॅनर कसा दिसतो हे तो बनवणाऱ्यांनाही आधी ठाऊक नसतं. चर्चमागच्या सभागृहात तो पट्ट्यापट्ट्यांनी जमिनीवर पसरलेला असतो. एक पट्टी जोडून झाली की ती गुंडाळून भिंतीशी सारायची आणि पुढची उलगडायची; तीन मजली घराएवढा क्रेप कागद त्या फरशीवर एकदम मावतच नाही. तो पहिल्यांदा उभा राहतो तो शनिवारी दुपारी, सामन्याआधी, फुटबॉलच्या मैदानावर, सगळ्यांच्या देखत. आणि उभा राहिल्यावर मिनिटभरात आपलेच खेळाडू धावत येऊन त्याच्या पोटातून आरपार जातात आणि त्याच्या चिंध्या होतात.

कार्मेला झॅमिट हे काम तरुणपणापासून करत आली होती. एवढी मेहनत फाडण्यासाठी कशाला, असं बाहेरचं कोणी विचारलं की ती म्हणायची, "मग काय घडी घालून कपाटात ठेवू?"

या वर्षीचा शेवटचा बॅनर मात्र खरोखरच शेवटचा होता. मार्चमध्ये क्लबच्या संचालकांनी जाहीर करून टाकलं होतं, की पुढच्या हंगामापासून संघ केर्न्सला जाणार, दूर उत्तरेला, मगरींच्या दमट मुलखात. तिकडे नवं मैदान होतं, नवे प्रायोजक होते. संघाला 'नावाडी'च म्हणणार होते, जर्सी हिरवी-पिवळीच राहणार होती. फक्त नावातलं 'बार्लो पॉइंट' तेवढं इथेच, मेलबर्नच्या नदीकाठी, टाकून जाणार होते.

"मोठ्या अक्षरांत लिहा," टासो म्हणाला. नाक्यावर त्याचं तळलेल्या माशांचं दुकान होतं आणि त्याचा आवाज कढईवरून गिऱ्हाइकापर्यंत पोचायला शिकलेला होता. "'जा मगरींच्या घशात!' बस. दुसरं काही नको."

"टासो, आधी तुझ्या कढईतलं तेल बदल," ग्लेनिस म्हणाली. ती ट्रामवर कंडक्टर होती, आता निवृत्त झाली होती, पण अजूनही समोरच्याकडे तिकीट मागितल्यासारखीच बघायची. "मग क्लब बदलणाऱ्यांना शिव्या दे."

"अगं, पण त्या केर्न्सच्या हवेत हा कागद टिकेल तरी का? अर्ध्या तासात घामेजलेल्या मोज्यासारखा लोंबेल. बॅनरशिवाय खेळणार आहेत ते! उघडेबोडके!"

"काहीच बनवू नये," मागून कोणीतरी म्हणालं. "रिकामे खांब धरून उभे राहू. लाज वाटू दे त्यांना."

सगळे बोलून दमले तशी ग्लेनिस वळली. "कार्मी, तू सांग. कर्णधार तुझा पोरगा आहे."

कार्मेलाने डोकं वर केलं नाही. तिची बोटं नेहमीप्रमाणे हिरवी झाली होती. क्रेपचा रंग ओल्या हाताला लागतो आणि पुढचे तीन-चार दिवस निघत नाही. रविवारच्या मिस्सेला या भागातल्या कुठल्या बाया बॅनरवर होत्या ते फादरना हातांवरूनच कळायचं.

"'बार्लो पॉइंट'," ती म्हणाली. "एवढंच लिहायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

टासोने अक्षरं कापायला कात्री उचलली.

रिनोने, तिच्या मुलाने, तिला सांगितलं होतं ते मार्चमधल्याच एका रविवारी, जेवताना. ती सशाचं कालवण वाढत होती. "मा, मी केर्न्सच्या करारावर सही केलीय. आम्ही चौघंही जातोय," असं तो ताटाकडे बघत म्हणाला. ती रागावली असती, रडली असती, तरी निभावलं असतं. पण ती म्हणाली, "ठीक आहे. माझा बॅनर फाडायला मी दुसरा मुलगा बघते." आणि पातेलं उचलून आत गेली. सून पोरांना घेऊन अधूनमधून येत राहिली. रिनो आला नाही. दोघांपैकी कोणी फोन केला नाही. आणि आता संघ सोमवारी निघणार होता.

तो लहान असताना याच सभागृहात कागदाच्या गुंडाळ्यांवर झोपायचा. एकदा तापात घाम येऊन अर्धं तोंड हिरवं झालं होतं आणि दवाखान्यातली नर्स घाबरली होती. चिकटपट्टीची टोकं धरायला त्यालाच बसवायची ती. पट्ट्या कशा जोडतात ते त्याला चांगलं माहीत होतं: दोन कागदांच्या मधल्या शिवणीवर चिकटपट्टीचे छोटे तुकडे, सुटे सुटे, टाके घातल्यासारखे. सगळीकडून सारखा ताण आला तर ते टाके धरून ठेवतात, वारा झेलतात. पण खालून एक सुटला की वरपर्यंत सरसर उसवत जातात. म्हणून तर बॅनर उभा राहतोही आणि फाटतोही.

इतर सगळे अक्षरं चिकटवायला पलीकडे गेल्यावर कार्मेलाने पिशवीतून दुसरी चिकटपट्टी काढली. ती खोक्यांच्या कारखान्यात काम करायची; जड खोकी बांधायला तिथे धागे भरलेली पट्टी वापरतात, ती हाताने तुटत नाही. गुडघ्यांवर सरकत ती एकेका शिवणीवर ही पट्टी आडवी लावत गेली. तिला त्याला इजा करायची नव्हती. क्लबने जायचं थांबावं, असलं वेडही तिच्या डोक्यात नव्हतं. त्याने एकदा थांबावं, एवढंच हवं होतं. दर आठवड्याला तिच्या कामातून धाडकन निघून जाणाऱ्या त्या पोराने एकदा तरी बॅनरसमोर उभं राहून तो बघावा.

दोन शब्दांच्या मधली शिवण मध्यापासून थोडी बाजूला आली होती. तिथे पोचल्यावर तिने पट्टीचा तुकडा कापला, हातात धरला, आणि ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. मग तुकडा ॲप्रनच्या खिशात घातला. ती शिवण तिने साधीच ठेवली. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शनिवारी ऊन होतं आणि वायव्येचं वारं सुटलं होतं. मैदान काठोकाठ भरलं होतं, पण नेहमीसारखा आवाज नव्हता. खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानावर येतात त्याच्याकडे निम्मे लोक पाठ करून बसले होते. काहींनी जर्स्या उलट्या घातल्या होत्या. एक म्हातारा कुंपणाशी टोपी हातात घेऊन उभा होता, जसं अंत्ययात्रा जाताना उभं राहतात.

"दोर ताणा!" ग्लेनिस ओरडली. खांब उचलले गेले.

आणि बॅनर उभा राहिला.

कार्मेला सभागृहातला तोच ॲप्रन बांधून त्याच्या मागे, मैदानाच्या अंगाला उभी होती. तिने आजवर किती बॅनर उभे राहताना पाहिले असतील. पण हा वर गेला तशी तिची मान मागे मागे जात राहिली. पश्चिमेचं ऊन कागदातून आरपार येत होतं. सगळं हिरवं पेटलं होतं. अक्षरं माणसांपेक्षा किती तरी उंच होती. मागून ती उलटी दिसत होती, तरी मैदानावरच्या प्रत्येकाला ती वाचता आली असती. पाठ करून बसलेले लोक एकेक करत वळले. कोणी सांगितलं नव्हतं. फक्त त्यांच्यावर हिरवी सावली पडली होती.

बोगद्यातून संघ निघाला. कागदावर त्यांच्या सावल्या उमटल्या. सगळ्यांत पुढची सावली डावा खांदा जरा पाडून धावत होती, आणि ती कोणाची हे कार्मेलाला झोपेतही ओळखता आलं असतं.

रिनो नेहमीसारखा मधोमध खांदा लावून घुसला. बॅनर आत गेला, त्याने रिनोच्या अंगाचा आकार घेतला, आणि त्याला परत फेकलं. तो गवतावर बसला.

कोणीतरी हसलं. मग हसू थांबलं, कारण दुसरा खेळाडू घुसला, तिसरा घुसला, आणि बॅनरने त्यांनाही तसंच परत फेकलं. स्टँडमधून कुजबुज पसरत गेली. वाक्य एकच होतं, तोंडं हजारो: "सोडत नाहीये. त्यांना सोडत नाहीये."

कार्मेलाला तेव्हा आनंद झाला. तो मोजून चार-पाच श्वास टिकला.

मग वाऱ्याचा मोठा झोत आला.

साधा बॅनर असल्या झोतात कुठेतरी फाटतो, वारा निघून जातो आणि लोक हळहळतात. हा फाटला नाही. याचं शीड झालं. तो तिच्या बाजूला फुगला, खांब करकरले, आणि खांब धरलेली माणसं टाचा रोवलेल्या अवस्थेत गवतावरून ओढली जाऊ लागली.

"खाली घ्या!" कोणी ओरडलं.

"खाली नको! खांब मोडून लोकांवर पडतील!" ग्लेनिसचा आवाज फाटला. "दोर धरा! अरे, या कोणीतरी!"

कुंपणावरून पहिला उतरला तो टासो. पोट सावरत, शिव्या देत त्याने दोर पकडला. त्याच्यामागे टोपीवाला म्हातारा. मग उलट्या जर्स्या, शाळेच्या मुली, लहान पोर कडेवर घेतलेला बाप. कुंपणाच्या सगळ्या लांबीवरून माणसं खाली सांडू लागली. ज्याला दोर सापडला नाही त्याने पुढच्याची कंबर धरली. नावाडी संघाचे खेळाडू त्यात शिरले. प्रतिस्पर्धी संघ पलीकडे उभा होता, तेही धावत आले. पंचांनी शिट्टी खिशात घातली आणि दोर धरला. सगळं बार्लो पॉइंट एका शिडाला लटकलं होतं आणि ते शीड त्यांना घेऊन पावलापावलाने पुढे सरकत होतं.

कार्मेला ते बघत होती. माणसं इतकी ताकदवान असतात हे तिला माहीत नव्हतं. आणि हे तिने केलं होतं, पिशवीतल्या एका पट्टीने. वारा वाढला तर कोणीतरी चिरडणार होतं.

ते फाडायला हवं होतं, आणि कुठे फाडायचं हे तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

ती फुगलेल्या कागदाच्या खाली शिरली. "रिनो!" तिने हाक मारली. मार्चनंतर पहिल्यांदाच ते नाव तिच्या तोंडून मोठ्याने निघालं. कागद नगाऱ्यासारखा वाजत होता. पलीकडे काही पोचलं नाही. सावल्यांच्या गर्दीत ती पाडलेला खांदा शोधत राहिली. सापडला. तो अजून मधल्याच शिवणीशी झटत होता, नखांनी.

ती साध्या शिवणीपाशी गेली आणि तिने दोन्ही तळहात कागदावर टेकवून सगळ्या अंगाने रेटले. वाऱ्याच्या उलट दिशेने कागदाला दोन हातांचा उंचवटा आला.

सावली थांबली. तिच्याकडे वळली. मोठी होत होत जवळ आली, आणि पलीकडून दोन हात तिच्या हातांवर टेकले. मधे कागद होता, तरी त्यांची ऊब लागली.

"इथे," ती म्हणाली. "बाळा, इथून. खालून."

त्याला ऐकू आलं असेल की नाही, कोण जाणे. पण टाके कसे घालतात ते त्याला ठाऊक होतं. तो खाली बसला. तीही बसली. खालचा पहिला टाका तिने आपल्या अंगठ्याने सोडवला. दुसरा त्याने.

मग शिवण उसवत वर निघाली. ती तिने डोळ्यांनी जाताना पाहिली. टाके एकामागून एक सुटत, सरसर, शेंड्यापर्यंत. आणि त्या फटीतून ऊन आणि वारा एकदम आत आले. बॅनर दुभंगला. एका बाजूला 'बार्लो', दुसऱ्या बाजूला 'पॉइंट', असे दोन प्रचंड झेंडे खांबांवर फडफडू लागले. दोरांवरचा ताण एकदम गेला आणि शेकडो माणसं एकाच वेळी मागे गवतावर बसली.

क्षणभर मैदानात फक्त कागदाचा आवाज होता. मग जो आवाज उठला तो जयजयकार नव्हता, रडणंही नव्हतं. नदीपलीकडच्या गोदामांवरून पक्ष्यांचे थवे उडाले.

रिनो फटीतून आत आला. धावत नाही, चालत. त्याचं कपाळ, गाल, दोन्ही हात हिरवेगार झाले होते. तो तिच्यासमोर थांबला आणि त्याने वर बघितलं, आधी एका झेंड्याकडे, मग दुसऱ्याकडे.

"धाग्याची पट्टी?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली.

"आणि ही एक राहिली कशी?"

तिने ॲप्रनच्या खिशातून तो तुकडा काढला आणि त्याच्या हातात ठेवला. त्याने तो बोटांवर उलटासुलटा करून पाहिला. पंच जवळ येऊन खोकले. रिनोने तिकडे लक्ष दिलं नाही.

"मा, उद्या जेवायला येऊ?"

"ससा आणायला हवा," ती म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडे बघत, "आणि हातपाय धुऊन ये. माझ्या टेबलक्लॉथला रंग लागतो."

"तो निघत नाही, मा."

"माहीत आहे मला."

तो खेळायला गेला. सामना ते हरले, बहुधा. त्याबद्दल नंतर फारसं कोणी बोललं नाही. लोक कुंपणामागे परत जात होते, पण दोर काही जण खाली ठेवीत नव्हते. टासो तर शेवटपर्यंत तो हाताला गुंडाळून बसून राहिला. ग्लेनिसने दोनदा मागितला तेव्हा म्हणाला, "थांब गं जरा," आणि दोराच्या दुसऱ्या टोकाकडे, जिथे आता वाऱ्याशिवाय काही नव्हतं, बघत राहिला.