पोटातली अकरा मिनिटं

“कुणाला सांगायचं नाही. आईलासुद्धा नाही. कागदावर नेहमीसारखं लिही, सही कर आणि विसरून जा.”

गोरख सरांचा हा आवाज तीन आठवडे सुप्रियाच्या कानातून हलला नव्हता. विमान जागेवर लागलं होतं, पंखे थांबत आले होते, मागची माणसं पिशव्या काढत होती, आणि सर समोरच्या काचेतून बाहेर बघत हळूच हे बोलले होते. तिनं मान हलवली होती. तेव्हापासून फोन वाजला की ती दचके. जेवताना घास फिरे.

घडलं ते असं. छोट्या शहरांना जोडणारं सत्तर जणांचं विमान. सर कॅप्टन, ती को-पायलट. दोघंही पहाटे तीनला उठलेले, दिवसातलं पाचवं उड्डाण, आणि समोरून दुपारचं ऊन. विमान ऑटोपायलटवर होतं. तिनं कागदावर वेळ टिपली, दोन बारा. मग एकदम बझर वाजला. एअर होस्टेस विचारत होती, “मॅडम, चहा आणू का?” घड्याळात दोन तेवीस झाले होते. शेजारी सरांची हनुवटी छातीला टेकली होती आणि रेडिओवरून त्यांच्या विमानाला कुणीतरी पुन्हा पुन्हा हाका मारत होतं.

अकरा मिनिटं अडुसष्ट माणसं आभाळातून चालली होती आणि पुढं जागं असं कुणीच नव्हतं.

“रेडिओ जरा गडबड करत होता,” सरांनी हाकेला उत्तर दिलं, आणि विमान सुखरूप उतरलं. सुखरूप उतरलं याचीच सुप्रियाला जास्त भीती वाटे.

आज रविवार होता. ओतूरच्या बाहेर, शेताच्या कडेला असलेल्या तिच्या घरी तीन वैमानिक जमले होते. कंपनीनं दिलेला नवा करार वैमानिकांच्या संघटनेनं नऊ मतांच्या फरकानं नाकारला होता. त्यावर कंपनीचा निरोप आला होता: सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत पुन्हा मतदान घ्या, नाहीतर पुण्यातली विमानं दुसरीकडे नेतो. शहरात चार वैमानिक एका टेबलाशी बसले तरी वरपर्यंत बातमी जायची. म्हणून संघटनेचे सेक्रेटरी ज्ञानेश्वरभाऊ, मूळचे नारायणगावचे, म्हणाले होते, “सुप्रियाच्या गावी जमू. कुणी विचारलंच तर देवाच्या जेवणाला गेलो होतो म्हणू.”

त्यात खोटं काही नव्हतं. तिच्या आईनं, गजराबाईनं, आज खंडोबाची तळी भरायची ठेवलीच होती. सकाळी पाच पुरुषांनी ताट धरून तीनदा उचललं, येळकोट केला. त्या पाचांत तिचे वडील धर्माजी होते, शेजारचे एक आजोबा होते आणि हे तिघं पाहुणे. सगळ्यांत मोठा आवाज गोरख सरांचा होता.

“अवसरी बुद्रुकचा आहे मी, मावशी,” ते कौतुकानं म्हणाले होते. “हे सगळं आमच्या अंगात आहे.”

“मग घरचंच की तुमी,” गजराबाई म्हणाली आणि त्यांना देव्हाऱ्याशेजारी बसवलं. सुप्रियानं पाण्याचे पेले आणले आणि सरांचा पेला त्यांच्या हातात न देता खाली ठेवला.

आता ओटीवर बोलणं तापलं होतं.

“मान्य करून टाका,” गोरख सर म्हणत होते. “पगार वाढतोय, सुट्ट्या वाढतायत. विमानंच गेली तर उडवणार काय? पतंग?”

“पतंगाला कलम सात नसतं, सर,” आदेश म्हणाला. हा पुण्यात वाढलेला, चौघांत लहान, तोंडानं फटकळ.

भांडण सगळं त्या कलम सातवरच होतं. आज मी थकलोय, विमान उडवू शकत नाही, असं वैमानिकानं कळवलं तर चार तासांत त्यानं कंपनीच्या डॉक्टरची चिठ्ठी आणायची. नाही आणली तर गैरहजेरी. वर्षात तीनदा असं झालं की नोकरी गेली.

उंबऱ्याशी बसलेल्या धर्माजीनं हे ऐकलं आणि पागोटं मागं सारलं. “आन् डागदर चिठ्ठीत लिवनार काय? झोप किती शेर भरली त्ये?”

आदेश खो खो हसला.

“हसू नका राव. आमी मेंढरांच्या वाड्यावर राखणीला बसायचो, पाच जण. ज्याचा डोळा लागाया लागला त्यानं शेजारच्याला हालवायचं, काठी त्याच्या हातात द्यायची आन् निजायचं. का म्हून कुनी इचारायचं न्हाई. इचारलं असतं तर लाजंकाजं समदे जागं असल्याचं सोंग करत बसले असते. बिबट्याला सोंग लगीच कळतं.”

“आबा, मेंढरं वेगळी, विमान वेगळं,” गोरख सर म्हणाले.

“असंल की. मेंढरं आमचीच व्हती. तुमच्या मागं लोकाची मान्सं बसत्यात.”

सरांची नजर क्षणभर सुप्रियावर येऊन गेली. तिनं खांद्यावरची ओढणी उगीच सारखी केली. पहिल्या मतदानात तिनं ‘मान्य’ दाबलं होतं. नाकारलं असतं तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं, आणि विचारलं असतं तर तिच्या तोंडून ते निघालं असतं, याच धास्तीनं.

“माझी अडचण ऐका,” ज्ञानेश्वरभाऊ म्हणाले. “कंपनी मला विचारते, थकव्यानं आजवर काय बिघडलंय ते दाखवा. आणि माझ्याकडे एकही कागद नाही. शंभरावर वैमानिक, एकाचाही डोळा कधी लागलेला नाही! असा एक रिपोर्ट हातात असता तर हे कलम मी उद्या त्यांच्याच टेबलावर मोडून दाखवलं असतं. खरं सांगा, कुणाचं काही झालंय?”

“नाही बुवा,” सर लगेच म्हणाले. “आम्ही दोघं महिनाभर बरोबर उडतोय. विचारा सुप्रियाला.”

सगळे तिच्याकडे वळले.

“नाही,” सुप्रिया म्हणाली.

“सगळे असंच म्हणतात, भाऊ,” आदेश हसत म्हणाला. “भंडारा उचलायला लावा एकेकाला, मग निघेल बाहेर.”

आत पोळपाटावरचं लाटणं थांबलं.

गजराबाई बाहेर आली ती ताट घेऊनच. ताटात बेलाची पानं आणि सकाळचा भंडारा, देवावरून आलेली हळद. तिनं ते ताट चौघांच्या मधोमध ठेवलं.

“अहो काकू, मी गंमत केली,” आदेश चपापला.

“केली असंल बाळा. पर आमच्यात भंडाऱ्याचं नाव घिऊन त्यो तसाच सोडत न्हाईत.” तिचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. “चिमूटभर उचलायचा, आन् म्हनायचं, मी पोटात काय ठिवलं न्हाई. येवढंच. मग गरम गरम जेवाया बसा.”

ज्ञानेश्वरभाऊंनी चप्पल बाजूला सारली, भंडारा उचलला आणि ते वाक्य शांतपणे म्हटलं. आदेशनं इकडंतिकडं बघितलं, घाईघाईनं चिमूट घेतली आणि पुटपुटला. ताट गोरख सरांपुढं आलं. त्यांचा हात पुढं झाला, आणि ताटाच्या काठाशी अडखळला.

“मावशी, मला चालायचं नाही,” ते म्हणाले. “सुतक आहे. भावकीतलं एक म्हातारं गेलंय परवा.”

“परवा?” गजराबाईनं त्यांच्याकडं बघितलं. “सकाळी तळी उचलाया तर बसला व्हता की, पावणं.”

बाहेर वाड्यात एक कोकरू ओरडत राहिलं. सरांच्या कपाळावर घाम आला होता. खोटं सुतक सांगणाऱ्या माणसाला किती भीती वाटत असेल, हे त्या ओटीवर एकट्या सुप्रियाला कळत होतं.

“बरं. देवाला ठावं,” गजराबाई म्हणाली आणि ताट लेकीकडं फिरवलं.

न शिवण्याचं एक कारण बाईजवळ नेहमीच तयार असतं. ‘आये, मला आज शिवायचं नाही,’ एवढं म्हटलं की झालं असतं. आई मान वळवून ताट उचलून घेऊन गेली असती, चार पुरुषांदेखत पुढं एक शब्द विचारला नसता, जन्मभर विचारला नसता. शब्द सुप्रियाच्या ओठांपर्यंत आलेही. आई ताट धरून उभी होती; उपवासाची, सकाळपासून घोटभर पाण्यावर. तिच्या बोटांना हळद लागली होती. आणि सुप्रियाला ती विमानाच्या मागच्या भागात दिसली, खिडकीशी, पट्टा बांधून बसलेली, पुढं आपली लेक जागी आहे अशा भरवशानं.

“मला उचलता येत नाही, आये,” ती म्हणाली. “मी पोटात ठेवलंय.”

मग ती बोलत गेली. दोन बारा, दोन तेवीस, चहाचा बझर, रेडिओवरच्या हाका. तिचा आवाज इतका बारीक झाला की धर्माजीला पुढं सरकून बसावं लागलं. सांगून झाल्यावर तिला वाटलं, आता हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

गोरख सर उठले. “आज तू मला घरी बसवलंस.”

“सर, मीपण बसणारच आहे.”

“मला दोन पोरं आहेत, सुप्रिया!” ते ओरडले, आणि ओरडल्यावर स्वतःच दचकले. ते गाडीची किल्ली घेऊन ओटी उतरले. गाडी सुरू झाली तशी गजराबाई डबा घेऊन फाटकापर्यंत पळत गेली. “देवाचं जेवान हाय, घिऊन जावा. उपाशी जाऊ नगा.” त्यांनी खाली बघतच डबा घेतला.

ओटीवर आदेश पांढराफटक पडून आपल्या बोटांकडं बघत होता. “काकू,” तो म्हणाला, “मी आत्ता उचलला ना... मला पण झालंय. दोनदा. मी गंमत समजून उचलला हो. आता काय होईल?”

“आता सांगितलंस न्हवं? मग झालं. बोटं धू नगं, कपाळाला लाव,” गजराबाई म्हणाली, आणि तिनंच त्याचा हात धरून त्याच्या कपाळापर्यंत नेला.

ज्ञानेश्वरभाऊ म्हणाले, “सुप्रिया, तोंडी चालणार नाही. तुझ्या सहीनं पाहिजे. आणि मी तुला वाचवीन असं आज म्हणणार नाही. लायसन्स अडकू शकतं. चौकशी तर होणारच.”

“माहीत आहे.”

“लिहून देशील?”

“उद्या दहाच्या आत कंपनीच्या सुरक्षा विभागात स्वतः नेऊन देते. दुपारच्या फ्लाइटला येत नाही म्हणून तिथंच सांगते. तुम्हाला प्रत मिळेल. शब्द देते.”

“मी तुझ्यानंतर देतो,” आदेश म्हणाला. “म्हणजे, तू दिल्यावर.” त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी, पण त्यानं वाक्य बदललं नाही.

पाहुणे जेवून गेले. भांडी घासताना गजराबाईनं विचारलं, “अकरा मिन्टं म्हंजी किती गं? भाकर व्हती का एक?”

“तीन-चार होतात, आये.”

गजराबाईचा हात तव्यावर थांबला. हात धुऊन ती देव्हाऱ्यापुढं जाऊन बसली, आणि उपवास सोडायची वेळ टळून गेली तरी उठली नाही.

सोमवारी उजाडायच्या आत उठून सुप्रियानं तो रिपोर्ट लिहिला. दोनदा फाडला, तिसऱ्यांदा पूर्ण केला. तेवढ्यात फोन थरथरला. गोरख सरांचे चार कॉल येऊन गेले होते, आणि आता एक ओळ आली होती: ‘फक्त एक दिवस थांब. हात जोडतो.’

तिनं ती ओळ कितीदा तरी वाचली. सर वाईट नव्हते. तिचं पहिलं लँडिंग चुकता चुकता सावरलं होतं ते त्यांनीच. एक दिवस थांबणं म्हणजे सहा वाजून जाणं, मतदान होऊन जाणं, आणि दुपारी तिचं पुन्हा त्याच खुर्चीत बसणं. तिनं उत्तरात लिहिलं, ‘सर, तुम्हीपण या. दहाच्या आत मी सुरक्षा विभागात आहे.’ निळी खूण उमटली. उत्तर आलं नाही.

गणवेश खुंटीला होता. तिनं साधा पंजाबी ड्रेस घातला. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये सरळ ठेवला. न्हाणीतून आईचा पाणी ओतल्याचा आवाज येत होता, वाड्याकडे आबा मेंढरं सोडत होते. सांगून निघालं तर पाय मागं येतील असं तिला वाटलं. तिनं दार हळूच ओढून घेतलं, आणि पुण्याची गाडी गाठायला ती एसटी स्टँडच्या वाटेला लागली.