जांभळा उजेड आणि कोंडलेली सून

सकाळपासून आमच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जांभळे महाराज टेफ्लॉन स्टीलला चिकटवणार होते! टेफ्लॉन म्हणजे तव्यावरचं ते गुळगुळीत. त्यावर घोरपडसुद्धा टिकायची नाही.

"गोंद नाही, स्क्रू नाही, निव्वळ कृपा!" महाराज गरजले. त्यांच्या पेटीच्या काचेआड जांभळा उजेड पेटला. मग आतली टेफ्लॉनची पांढरी चादर काढून त्यांनी गर्दीतून फिरवली. "हात लावा, कृपा घ्या!" सगळ्यांनी लावला. मी मालकीण, मी दोनदा लावला. मग चादर स्टीलच्या पत्र्यावर ठेवून गरम प्रेसमध्ये दाबायची.

आधीच्या खेपांना गर्दी नसली की चिकटायची. गर्दी जमली की केळीच्या सालीसारखी सुटायची. "सुनेची सावली आडवी येते," महाराजांनी निदान केलं.

माझी सून प्रेस चालवायची. चार दिवस ती अवजारांच्या खोलीत, तेलाच्या डब्यांमध्ये कोंडलेली. किल्ली माझ्या कमरेला. आज चादर सुटली तर तिला कायमचं माहेरी पाठवायचं ठरलं होतं. माझ्या लेकाने नंदीबैलासारखी मान हलवली होती.

चादर प्रेसकडे निघाली, तशी ती खोलीच्या खिडकीच्या गजांतून ओरडली, "आई, पेटीतली दुसरी चादर घ्या! अर्धीलाच हात लावू द्या. मी इथंच कुलपात आहे. बघू, माझी सावली अर्धीवरच पडते का!"

"स्त्रीबुद्धी!" महाराज हसले.

"मग माझी कसली, महाराज?" मी म्हटलं. "घ्या दुसरी चादर."

प्रेस उघडला. हात लावलेली बाजू नखाने निघाली. दुसऱ्या बाजूला लेक पक्कड लावून लोंबकळला. पक्कड निसटली, चादर हलली नाही.

"पेटीतली हवा उपसून आत थोडा वायू सोडतात आणि वीज खेळवतात," सून आतून सांगत होती. "तो प्लाझ्मा. तो चादरीचा वरचा थर बदलतो, मग तापवून दाबलं की ती धातूला धरते. बोटांचं तेल लागलं की सगळं फुकट. पेटीमागे लिहिलंय. पहिल्याच दिवशी मी ते मोठ्याने वाचलं, म्हणून तर इथं आहे!"

महाराजांनी चपला शोधायला घेतल्या.

कुलूप मी काढलं. घातलंही मीच होतं. ती बाहेर आली, माझ्याकडे न बघता नळावर जाऊन घटाघटा पाणी प्यायली.

मी जेमतेम चौथी शिकले, तरी सांगते: चमत्कार दिसला तर तो कशाने होतो ते तपासा. आणि फसला, तर घरातली सून शोधू नका.